बारा तासांचा दिवस आणि सामाजिक न्याय



या विभागात एरवी महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा आणि बदल्या यांवर लिहिले जाते. ते लिहिलेच पाहिजे. पण या वेळी मी चेन्नईजवळच्या सिरुसेरी या ठिकाणापासून सुरुवात करणार आहे, कारण तिथला प्रश्न आता आपल्या उंबरठ्यावर आला आहे.

मनमाड, भुसावळ, दौंड, सोलापूर, अजनी येथील रेल्वे वसाहतींत आणि पोस्टाच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली कितीतरी मुले-मुली आज संगणक कंपन्यांत नोकरीला आहेत. नेमणूक पुण्याला झाली तर बरे, नाहीतर हैदराबाद, बंगळूर किंवा चेन्नई. बापाने आठ तासांच्या ड्यूटीसाठी आयुष्यभर युनियनची पावती फाडली आणि मुलगी रात्री दहा वाजता फोनवर सांगते, "बाबा, अजून ऑफिसातच आहे." तिचा पगार बापापेक्षा जास्त असतो, म्हणून घरात कोणी काही बोलत नाही. पगार बरा असला की कामाचे तास विचारायचे नाहीत, ही सवय आपल्याला लागत चालली आहे. ती घातक आहे.

सिरुसेरीत काय घडले

सिरुसेरी चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर आहे. तामिळनाडू सरकारच्या सिपकॉट या महामंडळाने तेथे संगणक उद्योगांसाठी मोठी वसाहत उभारली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा भव्य परिसर तेथेच आहे. अशा वसाहतीत संगणकासमोर बसणारे जसे असतात, तसेच झाडलोट करणारे, पहारा देणारे, उपाहारगृहात राबणारे आणि गाड्या चालवणारेही असतात. पहिल्यांच्या गळ्यात कंपनीचे ओळखपत्र असते, दुसऱ्यांच्या गळ्यात कंत्राटदाराचे. घड्याळ मात्र दोघांनाही मालकाचेच.

फेब्रुवारी २०१४ मध्ये रात्री काम संपवून निघालेल्या एका तरुण संगणक अभियंता मुलीची याच परिसरात हत्या झाली. सारा देश हळहळला. रात्री उशिरा काम करून घेतले जाते, तर घरी पोचवण्याची जबाबदारी कोणाची, रस्त्यावरचे दिवे आणि बस कोण पाहणार, असे प्रश्न तेव्हा विचारले गेले. रेल्वेतल्या माणसाला हे प्रश्न परके नाहीत. आपल्याकडे रात्रपाळी असते, तेव्हा रनिंग रूम असते, रात्रभत्ता असतो, विश्रांतीचा नियम असतो. यातले काहीही साहेबाने आपण होऊन दिलेले नाही. एकेका नियमामागे एकेक लढा आहे. सिरुसेरीत युनियन नव्हती, म्हणून नियमही नव्हता.

२०१४ च्या अखेरीस संगणक कंपन्यांत नोकरकपातीची लाट आली, तेव्हा चेन्नईतल्या तरुणांनी प्रथमच एकत्र येऊन आवाज उठवला. "आम्ही कामगार थोडेच? आम्ही तर प्रोफेशनल," असे म्हणणाऱ्यांना एका ई-मेलने घरी बसवले, तेव्हा ते कामगार असल्याचे त्यांना कळले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१६ साली तामिळनाडू सरकारने स्पष्ट केले की, संगणक कंपन्यांतील कर्मचाऱ्यांना युनियन करण्यास कायद्याची आडकाठी नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे १२ हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले. तेव्हा निदान दाद मागायला कोठे जायचे, हे त्या मुलांना माहीत होते.

दहा दिवसांत फिरलेला कायदा

आता राजकारणाकडे येतो. २१ एप्रिल २०२३ रोजी तामिळनाडूच्या विधानसभेत कारखाने कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले. रोजचे तास, आठवड्याचे तास, मधली विश्रांती, ओव्हरटाइम यांबाबतच्या कलमांतून सरकारला हव्या त्या कारखान्याला सूट देता यावी, अशी ती दुरुस्ती होती. सरळ भाषेत सांगायचे तर बारा तासांचा दिवस. हे विधेयक आणणारे सरकार द्रमुकचे होते. पेरियार यांचे नाव घेणारे, ६९ टक्के आरक्षण टिकवणारे, सामाजिक न्यायाचा झेंडा मिरवणारे सरकार! २०२१ साली याच सरकारने दुकानांतील कामगारांना कामाच्या वेळी बसण्याचा हक्क कायद्याने दिला होता. दिवसभर पायांवर उभ्या राहणाऱ्या साडीच्या दुकानातल्या मुलीला स्टूल देणारे सरकार दोन वर्षांत कारखान्यातल्या कामगाराला बारा तास राबवायला निघाले. परदेशी गुंतवणूक आली पाहिजे, हे कारण.

मग काय झाले? दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, काँग्रेस आणि विडुतलै चिरुत्तैगळ कट्ची हे सरकारचे मित्रपक्ष सभागृहातून उठून बाहेर गेले. लाल, तिरंगी, निळा असा भेद न करता कामगार संघटना एका मंचावर आल्या. खुद्द द्रमुकच्या कामगार संघटनेनेही विरोध केला. संपाची तयारी सुरू झाली. २४ एप्रिलला विधेयक स्थगित झाले आणि १ मे रोजी मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी चेन्नईच्या मे दिन उद्यानात ते मागे घेतल्याचे जाहीर केले. दहा दिवसांत! १ मे १९२३ रोजी याच मद्रास शहरात कॉम्रेड सिंगारवेलु यांनी हिंदुस्थानातला पहिला मे दिन साजरा केला होता. त्या घटनेला बरोबर शंभर वर्षे झाली, त्याच दिवशी बारा तासांचा कायदा मागे गेला.

यावरून कोणी द्रमुकच्या गळ्यात हार घालायला धावू नये. त्याच राज्यात ९ सप्टेंबर २०२४ पासून श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्यातले कामगार ३७ दिवस संपावर होते. मागणी काय, तर आमच्या युनियनला मान्यता द्या. त्यांचा मांडव पोलिसांनी उखडला, कामगारांना पकडले. युनियनची नोंदणी व्हायला उच्च न्यायालयात जावे लागले आणि जानेवारी २०२५ उजाडला. ऑगस्ट २०२५ मध्ये चेन्नई महापालिकेच्या दोन विभागांतली साफसफाई खासगी कंपनीकडे देण्याविरुद्ध सफाई कामगार महापालिकेच्या रिपन बिल्डिंगसमोर तेरा दिवस बसले होते. त्यांत दलित स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. न्यायालयाच्या आदेशाकडे बोट दाखवून पोलिसांनी त्यांना मध्यरात्री उचलले. भाषणात सामाजिक न्याय आणि रस्त्यावर झाडूवालीला पोलिसांची गाडी! या दोन गोष्टी एकत्र नांदतात, हे आपण डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: सरकार कोणत्या महापुरुषाची तसबीर भिंतीवर लावते यावरून ते पुरोगामी ठरत नाही. सर्वांत खालच्या कामगाराच्या दिवसातले किती तास त्याचे स्वतःचे उरतात, यावरून ठरते. आणि हे तास सरकारच्या सदिच्छेने उरत नाहीत. कामगार एकजुटीने उभे राहिले, तरच उरतात.

आपल्या घरी काय चालले आहे?

महाराष्ट्राकडे पाहू. फुले, शाहू, आंबेडकर ही तीन नावे घेतल्याशिवाय आपल्याकडे कोणत्याही पक्षाचे भाषण पुरे होत नाही. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. ओव्हरटाइमची तीन महिन्यांची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर. विश्रांतीची सुटी पाच तासांनंतर मिळायची, ती सहा तासांनंतर. दुकाने व आस्थापनांत रोजचे ९ तास १० वर. कामगार संघटनांनी निषेध केला, पत्रके काढली. पण चेन्नईप्रमाणे दहा दिवसांत सरकारला मागे घ्यायला लावील, असे बळ उभे राहिले नाही. तामिळनाडूपेक्षा आपल्याकडे पुरोगामी वारसा कमी आहे का? मग कमी काय पडले, याचा विचार प्रत्येक शाखेने करावा.

सरकारची बाजूही ऐकून घेऊ. ते म्हणते, आठवड्याचे ४८ तास कायम आहेत. कामगाराची लेखी संमती लागेल. जादा कामाला दुप्पट मोबदला मिळेल. चार दिवस काम आणि तीन दिवस सुटी मिळेल. उद्योग येतील, रोजगार वाढेल.

संमतीचे आधी पाहू. ज्याला कंत्राटदार उद्या सकाळी "येऊ नको" म्हणू शकतो, त्याच्या संमतीला अर्थ काय? पहिल्याच दिवशी दहा कागदांवर सह्या घेतात, त्यात हा अकरावा. दुप्पट मोबदल्याचेही तसेच. जिथे किमान वेतनच हातात पूर्ण पडत नाही, तिथे दुप्पट ओव्हरटाइम कोण मागणार आणि मागितला तर मस्टरवर नाव किती दिवस राहणार? तीन दिवसांच्या सुटीची गोष्ट ऐकायला गोड आहे. पण ओव्हरटाइमची मर्यादा वाढवून ठेवली आहे ती सुटीच्या दिवशी कामाला बोलावण्यासाठीच ना? आठ तासांच्या तीन पाळ्यांना तीन माणसे लागतात. बारा तासांच्या दोन पाळ्या करून वर ओव्हरटाइम घेतला की तिसऱ्याला घरी बसवता येते. मग रोजगार कसा वाढणार?

शिवाय बारा तास म्हणजे बाराच नव्हेत. कल्याण-अंबरनाथकडून, नालासोपाऱ्याकडून कामावर येणाऱ्याचे जाता-येता तीन तास धरा. पंधरा झाले. बाई असेल तर घरी गेल्यावर चूल, पाणी, पोरांचा अभ्यास. ती झोपणार कधी?

मोठमोठे उद्योगपती तरुणांना आठवड्याला ७० तास, ९० तास काम करण्याचा उपदेश करतात. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात संगणक कंपन्यांसाठी दिवसाला १४ तासांपर्यंतच्या कामाचा प्रस्ताव गाजला आणि तेथील संगणक कर्मचाऱ्यांच्या युनियनने त्याविरुद्ध आवाज उठवला. म्हणजे एक राज्य बारा म्हणते, दुसरे चौदाचा विचार करते. राज्याराज्यांत चढाओढ लागली आहे की, कोण आपला कामगार जास्त स्वस्तात आणि जास्त वेळ देतो. ही चढाओढ एकटे राज्य थांबवू शकत नाही. देशभर पसरलेली फेडरेशन थांबवू शकते. आपली शाखा मनमाडलाही आहे आणि मद्रासलाही. हे बळ दुसऱ्या कोणाकडे आहे?

तास आणि जात

काही मित्र म्हणतात, आठ तासांचा प्रश्न कामगार चळवळीचा आणि सामाजिक न्यायाचा प्रश्न आरक्षणाचा; दोन्हींची गल्लत करू नका. ही विभागणी आपल्या पूर्वजांना मान्य नव्हती.

महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, उजाडल्यापासून मावळेपर्यंतच्या कामाला मर्यादा आणि वेळेवर पगार या त्यांच्या मागण्या. रविवारची सुटी मिळायला १८९० उजाडावे लागले. सत्यशोधकी विचाराच्या माणसाने हे सुरू केले, यात योगायोग नाही. ज्याला विश्रांती नाही तो वाचणार कधी, मुलांना शाळेत घालणार कधी, सभेला येणार कधी? शिक्षणाचा हक्क द्यायचा आणि वेळ काढून घ्यायचा, तर तो हक्क कागदावरच राहतो.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे सांगितले की, कामगारांचे शत्रू दोन: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दलित कामगार गँगमन म्हणूनच कसा सडतो, हेही त्यांनी मांडले. हमालाची जागासुद्धा त्याला मिळत नसे, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरी घरकाम करावे लागे आणि अस्पृश्याला घरात कोण घेणार? त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत संप केला. पुढे ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या काळात मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ साली बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आज जे सरकार बारा तासांच्या फायलीवर सही करते, ते बाबासाहेबांनी बांधलेल्या भिंतीची वीट काढत आहे. १४ एप्रिलला पुतळ्याला हार घालून ती वीट परत बसत नाही.

कामगार चळवळीलाही हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची किंमत मोजावी लागली आहे. १९२१ साली मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांत मोठा संप झाला. सवर्ण आणि आदि-द्रविड कामगारांत फूट पडली, दंगली झाल्या, घरे जळाली आणि संप फसला. आपल्या मुंबईत दलित कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यामुळे विटाळ होई! विणकाम खात्यात पगार जास्त होता. लाल बावट्याखालीही ही शिवाशिव चालली, ती बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी उघड केली. ज्या युनियनने शेजारच्या कामगाराची जात पाहिली, तिला मालकाने बाहेरून फोडण्याची गरजच पडली नाही.

आज धोटा गेला, विणकाम खातेही गेले. पण जास्त तास आणि कमी पगाराचे काम कोणाच्या वाट्याला येते ते पाहा. सिरुसेरीत असो की मुंबई सेंट्रलला, संडास धुणारा कोण, गटारात उतरणारा कोण? खासगी कंपनीत आरक्षण नाही, कंत्राटात तर नाहीच. सरकारी जागा कमी करून तेच काम कंत्राटावर दिले, की आरक्षणाला हात न लावता आरक्षण संपते. त्यावर बारा तासांचा कायदा आला की उरलेसुरलेही गेले.

आपल्या घरातली शिल्लक कामे

रेल्वे आणि पोस्टातल्या आपल्या लोकांनी याकडे तिऱ्हाईतासारखे पाहू नये. आठ तास आपल्याकडेही सर्वांना मिळालेले नाहीत. ई.आय. रोस्टरवर ठेवलेल्या गेटमनला बारा तासांचे गेट आजही ठाऊक आहे. १९७३ साली लोको रनिंग स्टाफने दहा तासांच्या ड्यूटीचा करार पदरात पाडला आणि १९७४ च्या मे महिन्यात देशभरचे रेल्वे कामगार वीस दिवस संपावर होते. तरीही २०२४ साली दक्षिण रेल्वेच्या लोको पायलटांना आठवड्याच्या पुऱ्या विश्रांतीसाठी आंदोलन करावे लागले. पोस्टात ग्रामीण डाकसेवकाला पगार चार किंवा पाच तासांचा. खेड्यातली टपाल, मनीऑर्डर, बचत खाती आणि विमा सांभाळताना दिवस कुठे जातो, हे त्यालाच माहीत. इथे उलटा खेळ आहे: मोजायचे चार तास आणि घ्यायचा पूर्ण दिवस. घड्याळ मालकाच्या हातात असले, की ते दोन्ही बाजूंनी कापते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. त्यांत दिवसाचे आठ तास लिहिले आहेत खरे. पण विश्रांतीसह कामाचा पसारा किती असावा, हे ठरवण्याचा अधिकार सरकारच्या हाती ठेवला आहे. संपाला १४ दिवसांची नोटीस आता सर्वच उद्योगांना. कपातीसाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर. स्त्रियांना रात्रपाळी त्यांच्या संमतीने. संमतीचा अर्थ वर सांगितलाच आहे. सिरुसेरीच्या त्या रस्त्यावरचा अंधार संमतीपत्राने दूर होत नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने तीन गोष्टी कराव्यात. पहिली: आपल्या स्टेशनवर, डेपोत, आर.एम.एस.मध्ये, पोस्टात कंत्राटी कामगार किती तास काम करतात, याची वही ठेवावी. नाव नको, फक्त यायची-जायची वेळ. महिनाभराची ती वही कामगार आयुक्तांपुढे ठेवली, की भाषण करावे लागणार नाही. दुसरी: बारा तासांच्या निर्णयाविरुद्ध ठराव करून आपल्या आमदाराकडे प्रत्यक्ष जावे, तो कोणत्याही पक्षाचा असो. आठ तासांच्या बाजूने आहात की बारा, एवढेच विचारावे आणि उत्तर नोटीस बोर्डावर लावावे. तिसरी: आपल्याच घरातल्या, खासगी नोकरीतल्या मुलामुलींना युनियनचा अर्थ समजावून सांगावा. युनियन करता येते हे त्यांना माहीतच नसेल, तर दोष त्यांचा नाही. घरात आपण हा विषय काढलेलाच नाही.

चेन्नईत दहा दिवसांत कायदा मागे गेला, कारण सरकारचे मित्र आणि विरोधक, सवर्ण आणि दलित, लाल आणि निळे सगळे एका प्रश्नावर एकत्र आले. सॅमसंगच्या वेळी आणि सफाई कामगारांच्या वेळी तसे पुरेसे एकत्र आले नाहीत, तेव्हा त्याच शहरात पोलीस आले. महाराष्ट्राने यातला कोणता मार्ग घ्यायचा ते मंत्रालयात ठरणार नाही. ते आपल्या गेट मीटिंगला किती माणसे थांबतात आणि त्यांत कंत्राटी झाडूवाली पुढच्या रांगेत बसते की नाही, यावर ठरेल.